देवकाच्या गोळ्या

लग्नानंतर सुप्रिया माळेगाव बुद्रुकला नांदायला आली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती वहिनीला फोन लावत होती आणि वहिनी उचलत नव्हती. वृषालीवहिनी फोन न उचलणाऱ्यांतली नव्हतीच. चुलीपुढं असो, डाळिंबाच्या बागेत असो, फोन कान आणि खांदा यांच्यात चिमटून हातातलं काम करत बोलायची. नव्या घरात सारखं फोनवर दिसणं बरं नव्हे, म्हणून सुप्रिया कधी मोरीत, कधी माडीवर जाऊन लावायची. हिरव्या चुड्याचा आवाज व्हायचा. खालून सासूबाई विचारायच्या, "काय पायजे का गं?" सासूला, कौसल्याबाईंना, ती आत्या म्हणायला लागली होती. "न्हाय आत्या, काय न्हाय," म्हणत ती खाली यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा जिना चढायची.

तिच्या बेचैनीला कारण होतं. पाठवणीच्या वेळी वहिनीनं तिला मिठी मारली होती, पण ती मिठी नव्हती, आधार होता. तिचा तोल जात होता. "डोकं फुटतंय गं," ती कानात म्हणाली होती. "झोपलं की जास्तच ठणकतंय. सकाळी डोळं उघडवत न्हाईत." मग मांडवामागं जाऊन ओकली. कुणी ऊन म्हणालं, कुणी जागरण म्हणालं, कुणी पित्त. गावातल्या डॉक्टरांनीही पित्ताचंच इंजेक्शन दिलं. मे महिना होता. माहेरी, लासुर्ण्याच्या त्या मांडवात अर्धी माणसं डोकं धरूनच बसली होती, त्यात वहिनीचं डोकं कुणाला वेगळं वाटणार?

सुप्रियाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. आईलाही ठाऊक होती, पण आईच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

सुप्रियाचे वडील, रावजी, काही वर्षांपूर्वी वारले. लग्नात देवक बसवायचं ते जोडप्यानं बसवायचं असतं. त्यामुळं तो मान थोरल्या भावाकडं, विशालदादाकडं आणि वहिनीकडं आला. आई, द्वारकाबाई, हे बोलताना दर वेळी डोळ्याला पदर लावायची आणि लगेच वहिनीकडं वळून विचारायची, "तुझी तारीख कधीची गं?" तारीख नेमकी हळदीच्या आसपास येत होती. मग सगळ्याजणी करतात तेच केलं. सुप्रियानंच मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. वहिनीला पाकिटं दिली, एक स्वतःला ठेवलं.

नंतर नवऱ्याकडच्या भावकीत एक म्हातारी गेली. सुतक पडलं आणि लग्न आठवडाभर पुढं गेलं. "आता बंद केल्या तर बरोब्बर देवकाच्या दिवशी येईल," वहिनी म्हणाली. "राहू दे, चालू ठेवते. आणखी आण." सुप्रियानं आणखी आणल्या. लग्न झालं. मग सत्यनारायण होता. वहिनीनं गोळ्या थांबवल्याच नव्हत्या.

दुपारी फोन आला तो दादाचा.

"सुपे, वृषालीला झटका आला. बारामतीला आणलंय. उजवा हात लुळा पडलाय गं तिचा. बोलंना झालीय."

सुप्रियाच्या हातातलं ताट कट्ट्यावर आपटलं. नवरा, इंद्रजित, कारखान्यातून रजेवर होता. त्यानं काय झालं ते विचारलं नाही, नुसती गाडीची किल्ली घेतली. आत्या दारापर्यंत आल्या. "जा, पण सांच्याला माघारी ये. ऐतवारी गोंधळ हाय, पाव्हणं यायला लागत्याल." सुप्रिया मान हलवून गाडीत बसली.

बारामतीचा रस्ता जवळचा, पण त्या दिवशी पुढं उसाचा रिकामा ट्रॅक्टर, त्याच्यापुढं दुसरा. इंद्रजित हॉर्न वाजवत होता. सुप्रियानं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. आतल्या कप्प्यात तिचं स्वतःचं पाकीट होतं. लग्नासाठी सुरू केलेल्या गोळ्या तिनंही गोंधळापर्यंत चालू ठेवल्या होत्या. नव्या नवरीशिवाय गोंधळ होत नाही.

"कशानं झालं असंल?" इंद्रजितनं विचारलं.

"काय म्हाईत," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं की आपण खोटं बोललो.

दवाखान्यात दादा तातडीच्या विभागाबाहेर येरझारा घालत होता. ढोबळी मिरचीच्या शेडमधून तसाच आलेला, पँटवर फवारणीचे पांढरे डाग, पायात एकच मोजा. आई भिंतीशी खाली बसली होती. शेजारी दत्तोबा तात्या उभे होते. ते वडिलांचे चुलतभाऊ, घरात काहीही झालं की आधी पोचणारे. सात वर्षांच्या संजीवनीला, वहिनीच्या मुलीला, शेजाऱ्यांकडं ठेवून आले होते.

मेंदूच्या डॉक्टर बाहेर आल्या. डॉ. दोशी, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, भरभर चालणाऱ्या. त्यांच्या हातात वहिनीच्या डोक्याचा फोटो होता.

"नवरा कोण?"

"मी." दादा पुढं झाला.

"मेंदूत डाव्या बाजूला थोडा रक्तस्राव दिसतोय. पण तो जिथं आहे ती नेहमीची जागा नाही, आणि यांचं वय लहान आहे. बीपी पण नाही. मला काही विचारायचंय. नुकतं बाळंतपण झालंय? गर्भपात?"

"न्हाय."

"ताप होता? कान फुटला होता?"

"न्हाय."

"कसल्या गोळ्या चालू आहेत? मूल न होण्याच्या, पाळीच्या, हार्मोनच्या?"

आईनं खालूनच हात हलवला. "कसल्या गोळ्या न्हाईत, मॅडम. डोकं दुखलं तर बाम लावती ती निस्ता."

डॉक्टरांनी पेनानं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. समोर दत्तोबा तात्या होते. त्यांच्यासमोर तिनं पाळी हा शब्द आयुष्यात उच्चारला नव्हता. शेजारी तीन दिवसांचा नवरा उभा होता. तिला वाटलं, डॉक्टर आत गेल्या की मागून जाऊन हळूच सांगू. मग वाटलं, आत सोडलं नाही तर?

"मॅडम, घेत होती ती." आवाज फाटला. तिनं पर्समधून पाकीट काढलं. "ह्याच. पाळी पुढं जायच्या."

"किती दिवस?"

"लग्न पुढं गेलं ना... तीन आठवडं तरी. जास्तच. रोज तीन."

दत्तोबा तात्या पंख्याकडं बघायला लागले. आई म्हणाली, "अगं, त्या काय औषधाच्या हायत व्हय? त्या निस्त्या पुढं ढकलायच्या..."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दारातूनच सिस्टरला हाक मारली. "एमआरआयवाल्यांना फोन कर. शिरांचाही काढायचाय म्हणावं. आत्ताच." मग पाकीट उलटसुलट करून बघितलं. "हे तुमच्याकडं कसं?"

"मी पण घेतीय."

"का?"

"ऐतवारी गोंधळ हाय."

इंद्रजितनं तिच्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं डोकं दुखतंय?"

सुप्रियाला सांगता येईना. सकाळपासून दुखत होतं की वहिनीच्या काळजीनं जड झालं होतं? "थोडं," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिथंच तिला खुर्चीत बसवलं. एका बारीक यंत्रानं तिच्या डोळ्यांत खोल बघितलं, हात वर धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. "आत्ता काही वाटत नाही. आजपासून बंद करा. पाणी भरपूर प्या. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, तर घरी बसून राहायचं नाही. कळलं?"

तेव्हापासून सुप्रिया स्वतःच्या डोक्यावर पाळत ठेवायला लागली. वहिनीला एमआरआयला नेलं तेव्हा स्ट्रेचरमागं चालताना, बाकड्यावर बसताना, उठताना, तिचं एक मन सारखं आत डोकावत होतं: हे ठणकणं आहे का? इथं, कानामागं? पाण्याची बाटली तिनं तीनदा भरून आणली आणि तीनदा संपवली.

संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि मेंदूतून वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या वेगळ्या," त्या म्हणाल्या. "परत नेणाऱ्या ज्या मोठ्या शिरा आहेत, त्यांत गुठळी झालीय. डोक्याच्या मधोमध जाते ती आणि डाव्या कानामागं उतरते ती, दोन्ही बंद आहेत. मागं रक्त तुंबलं, दाब वाढला, मेंदूला सूज आली आणि बारीक शिरा फुटून थोडं रक्त बाहेर आलं. म्हणून डोकं दुखत होतं, म्हणून झटका आला."

"गोळ्यांनी?" दादानं विचारलं. त्यानं कुणाकडंच बघितलं नाही.

"त्या गोळ्यांनी रक्त गोठायचं प्रमाण वाढतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. लाखांत थोड्या बायकांना होतं. त्यात ऊन, धावपळ, पाणी कमी. यांच्या रक्तातच मुळात काही दोष आहे का, ते नंतर तपासू. आता इंजेक्शन सुरू करायचंय. रक्त पातळ करायचं."

दादा पुढं झुकला. "मॅडम, आत रक्त सांडलंय म्हणालात ना?"

"हो."

"आणि तुमी पातळ करायचं औषध देणार?"

"हो."

"मी शिकलोय कमी. पण येडा न्हाय मी."

"तुम्ही वेडे नाही. हा प्रश्न सगळे विचारतात. शिकलेलेही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शेत आहे ना तुमचं? निचऱ्याचा चर तुंबला, आणि वरून पाणी चालूच राहिलं, तर काय होतं?"

"रान तुंबतं. मग बांध फुटतो."

"बांध फुटलाय, ते खरं. पण चर तसाच तुंबलेला ठेवून बांध धरायला गेलात तर दुसरीकडं फुटेल. हे इंजेक्शन गुठळी वाढू देत नाही. मग शरीर आपली वाट हळूहळू मोकळी करतं."

"आणि आतलं रक्त वाढलं तर?"

"वाढू शकतं. मी खोटं सांगणार नाही. पण न देण्यात धोका जास्त आहे."

दत्तोबा तात्या खाकरले. "इशाल, पुण्याला हलवू. ॲम्ब्युलन्स सांगतो मी. हितं असला जुगार कशाला?"

"न्यायचं तर मी अडवणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कागद तयार करून देते. पण पहिलं इंजेक्शन देऊन न्या. वाया जाणारा वेळ हाच यात शत्रू आहे. तुम्ही बोला आपसात. फार वेळ घेऊ नका."

दादा कुणाशी न बोलता बाहेर गेला. सुप्रिया मागोमाग. तो जिना उतरून पार्किंगपर्यंत गेला, मोटारसायकलीच्या रांगेतून परत आला, पुन्हा गेला. ती त्याच्या बाजूनं चालत राहिली.

"तुला म्हाईत हुतं," तो म्हणाला.

"मीच आणल्या, दादा."

"आईला म्हाईत हुतं. तुला म्हाईत हुतं. शेजारी झोपतो मी तिच्या, मला न्हाय म्हाईत."

"तुला काय सांगायचं असलं..."

"असलं म्हंजी कसलं?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की रिक्षावाला वळून बघायला लागला. "बायको हाय ती माझी! गोळ्या खाती ती कशाच्या ते मला कळाया नको? देवक काय, मी एकट्यानं बसवलं असतं. सुपारी ठेवून बसलो असतो मी!"

तो तरातरा पुढं गेला; सुप्रिया जागीच थांबली. तो फेरी पूर्ण करून तिच्यापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"काय करू, सांग."

"मला न्हाय कळत रे. पण एक सांगू? मॅडमनी डोक्याचा फोटो बघून गोळ्यांचं विचारलं. आपण सांगायच्या आधी. आई न्हाय म्हणाली तेव्हा पण त्यांना पटलं नव्हतं. काय शोधायचं ते त्यांना ठाऊक हाय."

तो विचार करत होता तेवढ्यात इंद्रजित जिन्यावरून धावत आला. "विशालदादा, वर चला. परत आलाय झटका."

पडद्याच्या फटीतून दिसत होतं. वहिनीचा उजवा हात कोपरापासून हिसके देत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डोळे कुठल्या कुठं. दोघी सिस्टर तिला कुशीवर धरून होत्या. तिसरी हाताच्या सुईतून औषध सोडत होती. हिसके मंदावले, थांबले. दादा तोपर्यंत पडद्याच्या कापडाला घट्ट धरून उभा होता. मग त्यानं वळून डॉक्टरांना म्हटलं, "द्या. कुठं सही करायची ती दावा."

दत्तोबा तात्या म्हणाले, "अरं पण..."

"तात्या, बास."

इंजेक्शन पोटात टोचलं. एवढीशी सुई. सुप्रियाला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

ती रात्री माळेगावला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आतल्या विभागात एका वेळी एकालाच सोडत. बाकीच्यांनी बाहेर बसायचं, आणि बसणं कुणालाच जमत नव्हतं. दादा जिना उतरायचा, चढायचा. शेडमध्ये पाणी सोडायला कुणाला तरी फोन करायचा आणि मधेच काय सांगत होतो ते विसरायचा. सुप्रिया दर थोड्या वेळानं आरशात जाऊन स्वतःच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायची. दोन्ही सारख्या. परत यायची. परत शंका यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जास्तच गुंगीत गेली. हाक मारली तर नुसती कण्हायची. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि सांगितलं की रक्त वाढलेलं नाही, पण सूज वाढलीय. अशीच वाढत राहिली तर मेंदूला जागा करून द्यायला कवटीचा एक तुकडा तात्पुरता काढावा लागेल. ऑपरेशनचे डॉक्टर तयार आहेत. उद्या सकाळपर्यंत बघू.

आईनं ते ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला. सुप्रिया तिच्याजवळ जाऊन बसली. आई कालपासून चहाशिवाय काही प्यायली नव्हती.

"केस काढत्याल का गं तिचं?" आईनं विचारलं.

"काढायला लागतील तर काढतील."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझ्या येळी असल्या गोळ्या न्हवत्या. माझ्या नणंदेच्या लग्नात मी बाजूला बसले. सासू समद्या मांडवात म्हणत फिरली, हिनं येळ साधली. मला वाटलं, वृषालीला तसं ऐकाया लागू नये. म्हणून मी विचारायची तारीख. तिला तरास द्यायला न्हाय विचारलं मी."

"मला ठाऊक हाय, आई."

"मग डॉक्टरीणबाईला मी न्हाय का म्हणाले?" आईनं तिच्याकडं बघितलं. खरंच विचारत होती. "तोंडातनं आपसूक आलं गं. बापय उभं हुतं ना समोर."

सुप्रियानं तिला पाणी दिलं. आई दोन घोट प्यायली.

त्याच संध्याकाळी सुप्रियाच्या पोटात कळ आली. गोळ्या थांबवल्या होत्या, पाळी आली. दवाखान्याच्या मेडिकलमधून पॅड घेऊन तिथल्या ओल्या मोरीत ती उभी राहिली आणि भिंतीला डोकं टेकून रडली. कुठलं रडणं होतं ते तिला कळलं नाही. डोकं मात्र दुखत नव्हतं. पहिल्यांदाच तिला नक्की सांगता आलं की डोकं दुखत नाहीये.

बाहेर आली तर बाकड्यावर आत्या बसल्या होत्या. इंद्रजितनं त्यांना आणलं होतं. सोबत मोठा डबा, भाकरी, पिठलं, ठेचा. त्यांनी आईची विचारपूस केली, दादाला बळंच जेवायला बसवलं. मग सुप्रियाला बाजूला घेतलं.

"तुझ्या वहिनीचं ऐकून जीव थाऱ्यावर न्हाय बघ. पण सांगावं तर लागतंय. गोंधळी ठरलेत, भावकीला निरोप गेलेत. ऐतवारी दुपारपासनं तरी तू..."

"आत्या, मला आलीय," सुप्रिया म्हणाली. "गोळ्या बंद केल्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मी पण आता घेणार न्हाय. ऐतवारी न्हाय, कधीच न्हाय."

कौसल्याबाईंचा चेहरा बदलला. एवढ्या सरळ त्यांच्याशी घरात कुणी बोलत नसावं. त्यांनी इंद्रजितकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. हाही तात्यांसारखा पंख्याकडं बघणार, असं तिला वाटलं.

"पुढच्या म्हैन्यात घालू गोंधळ," इंद्रजित म्हणाला. "मी सांगतो समद्यांना."

"काय सांगशील?"

"वहिनी आजारी हाय म्हणून सांगतो. खरंच हाय की."

आत्यांनी डबा आवरला. जाताना आईला "काळजी घ्या" म्हणाल्या, सुप्रियाला काही नाही. पुढं बरेच दिवस त्या तिच्याशी इंद्रजितकरवी बोलत. "तिला म्हणावं दूध उतू जातंय." गोंधळ झाला, पुढच्या महिन्यात नव्हे, त्याच्याही नंतर. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आतून बाहेर आल्या तेव्हा दादा जिन्याच्या मधल्या पायरीवर होता आणि तिथंच थिजला.

"हाकेला डोळे उघडतायत," डॉक्टर म्हणाल्या. "डावा हात धरून ठेवतायत. ऑपरेशन आज तरी नको. इंजेक्शन चालू ठेवू."

दादानं विचारलं, "म्हंजी वाचली?"

"आज कालच्यापेक्षा बऱ्या आहेत. उद्याचं उद्या."

पण उद्याही बरी होती, परवाही. पाचव्या की सहाव्या दिवशी वहिनीला साध्या खोलीत आणलं. उजव्या हाताची बोटं हलायला लागली होती. डोकं दुखायचं, पण पहिल्यासारखं नाही. अडलं ते बोलणं. तिला सगळं कळायचं. शब्द मात्र सापडायचे नाहीत, किंवा भलतेच यायचे. पाणी हवं असलं की "किल्ली, किल्ली" म्हणायची, आणि चुकलंय हे तिला स्वतःला ऐकू यायचं. मग ती डोळे मिटून डाव्या हातानं गादीवर बुक्क्या मारायची.

संजीवनीला आणलं त्या दिवशी पोरगी दारातच थांबली. वहिनीचा चेहरा उजळला. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "सुप्रिया."

"मी संजू हाय," पोरगी म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरला.

वहिनीनं मान जोरात हलवली. "व्हय. व्हय. सु... सं..." कपाळावरच्या शिरा ताणल्या. खोलीतल्या सगळ्यांचे ओठ तो शब्द पुढं ढकलायला हलत होते. आईच्या तोंडून तर निसटलाच, "संजीवनी गं!" वहिनीनं तिच्याकडं असं रागानं बघितलं की आई गप्प झाली. त्या दिवशी तो शब्द आला नाही. दोन दिवसांनी, दादा भाकरी मोडून दुधात कालवत असताना, कुणी विचारलेलं नसताना, वहिनी स्वच्छ म्हणाली, "संजीवनीला मोड आलेली मटकी आवडती." दादानं वाटी खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज बराच वेळ वर-खाली होत राहिला.

घरी सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्या काही महिने चालतील, ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं, फिट्सची गोळी चुकवायची नाही, पाळीच्या किंवा मूल न होण्याच्या हार्मोनच्या गोळ्या जन्मात कधी घ्यायच्या नाहीत. दादानं सगळं दोनदा विचारून घेतलं. बायकांचं काय, पुरुषांचं काय, असं न करता विचारलं. "पाळीत रक्त जास्त जाईल का आता, मॅडम? किती गेलं तर यायचं?" आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पण बाहेर गेली नाही.

मग महिने गेले. वहिनी रोज सकाळी बोलायचा सराव करायची. बारामतीच्या एका बाईंनी शिकवलेला, चित्रांची पानं उलटत. हात सुधारला. बटणं लावता यायला लागली, भाकरी थापता यायला वेळ लागला. थोडं भराभर बोलायला गेली की अडायची. अनोळखी माणसासमोर जास्तच. त्यामुळं ती बाजारात जाईना, भावकीत जाईना. कुणी आलं की आत जाऊन बसायची. सुप्रिया फोन करायची तेव्हा मधेच लांब शांतता पडायची. ती भरायची नाही, असं सुप्रियानं ठरवलं होतं. पण फोन धरलेल्या हाताची बोटं आपोआप कशाशी तरी चाळा करायची.

थंडीत पुन्हा एमआरआय झाला. दादा आणि वहिनी लासुर्ण्याहून आले होते, सुप्रिया माळेगावहून. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मधली शीर मोकळी झाली होती, कानामागची बरीचशी. रक्ताच्या तपासण्यांत जन्मजात दोष काही निघाला नव्हता. "अजून थोडे महिने, मग गोळ्या बंद करायचा विचार करू," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "काय खायचं बोला." वहिनी म्हणाली, "मासं. भिगवण." दोन शब्द, झटकन. वाट वाकडी होती, तरी दादानं गाडी भिगवणकडं घेतली.

हायवेकडंच्या हॉटेलात गर्दी होती. पलीकडं उजनीचं पाणी उन्हात चमकत होतं. वेटर आला, खांद्यावर फडकं, घाईत. "बोला, काय आणू?"

दादानं तोंड उघडलं. वहिनीनं टेबलाखाली त्याच्या मांडीवर हात आपटला. त्यानं तोंड मिटलं.

"मला," वहिनी म्हणाली, "ते... तळून. आणि..." थांबली. वेटर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "आणि ते... चप... चिमणी. न्हाय. चिमणी न्हाय."

बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. वहिनीचे कान लाल झाले. सुप्रियाच्या जिभेवर शब्द येऊन बसला होता. तिनं पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. दादा टेबलावरचं मीठ इकडून तिकडं सरकवत होता. वेटर म्हणाला, "ताई, रोहू? मरळ? कोळं..."

"थांब," वहिनी म्हणाली.

वेटर थांबला. मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो "आलो, आलो" म्हणाला, पण हलला नाही. वहिनीनं डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं टेबलावर एकेक करून दाबली.

"चिलापी," ती म्हणाली. "तळलेली. रस्सा वेगळा. भाकरी. आणि ह्यांला पण तेच आण."

वेटर गेला. दादानं मिठाची वाटी जागेवर ठेवली. वहिनीनं सुप्रियाच्या हातातला पेला ओढून घेतला आणि उरलेलं पाणी संपवलं.